पुन्हा अंगठाच!

शिक्षणाच्या कुठल्याही कार्यशाळेला गेलं की हल्ली एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘पालकांचा सहभाग खूप वाढलाय, प्रत्येक वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे.’ मग पडद्यावर फोटो येतात. अभ्यास करणारं मूल, शेजारी हसरी आई, आईच्या हातात फोन. टाळ्या पडतात, चहा होतो. अशाच एका ठिकाणी चहा पिता पिता एक अधिकारी सहज बोलून गेले, ‘आता पालकसभेची तशी गरजच राहिली नाही मॅडम. सगळं ग्रुपवर कळतंच की.’

या ‘कळतंच की’ला माझा आक्षेप आहे. मैत्रिणींनो, तो तुमच्यापुढे मांडायचं कारण असं, की आपल्यातल्याही बऱ्याचजणींना हे वाक्य पटू लागलंय.

माझा मोबाईलवर राग नाही, हे आधीच सांगून टाकते. समाजकार्याचं शिक्षण संपवून मी पुण्यातल्या वस्त्यांमध्ये कामाला लागले त्याला आता बारा वर्षं होतील. आमच्या गटाच्या बैठकीचा निरोप फोनवरच जातो. रात्री-अपरात्री मार खाल्लेली बाई फोनवरच आम्हाला गाठते. प्रश्न वेगळा आहे. शाळेने हा फोन कुणाच्या हातात दिला, त्यातून काम कुणाच्या गळ्यात पडलं आणि बोलायचा अधिकार कुणाकडे राहिला, एवढंच मला विचारायचंय.

हा ‘पालक’ पालक म्हणतात तो कोण? प्रवेशाच्या अर्जात मोबाईल नंबरचा एक रकाना असतो, क्वचित दोन. पहिल्या रकान्यात वडलांचा नंबर पडतो. कुणी मुद्दाम तसं करतं असंही नाही. अर्ज भरायला आईच येते, बाई विचारतात, ‘नंबर सांगा’, आणि ती सवयीने ‘यांचा’ नंबर सांगते. स्वतःचा असला तरी तो तिला पाठ नसतो, कारण तो कुणाला द्यायची वेळच तिच्यावर आलेली नसते. पुढे वर्गशिक्षिका त्याच यादीवरून ग्रुप तयार करते. ‘उद्या मुलांना पांढरा शर्ट घालून पाठवा’ हा निरोप दुपारी दोनला निघतो आणि एका रिक्षावाल्याच्या, एका गवंड्याच्या, रात्रपाळी करून झोपलेल्या एका वॉचमनच्या खिशात जाऊन पडतो. बाईला तो कळतो रात्री दहाला, नाहीतर सकाळी पोरगं रडायला लागल्यावर. मग शर्ट धुवायचा, पावसाळ्यात तो वाळवायचा, घरात इस्त्री नसेल तर गरम तांब्या फिरवायचा, हे सगळं कुणी करायचं ते सांगायला नको. शर्ट मळका दिसला की शाळा म्हणते, ‘आईचं लक्ष नाही. निरोप तर पाठवला होता.’ निरोप गेला वडलांना आणि बोल लागला आईला!

सरकारी आकडेच बघा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्के बायकांकडे स्वतः वापरण्याचा मोबाईल होता. साधा फोनही यात धरलाय. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या बायका होत्या ३३ टक्के आणि पुरुष ५७ टक्के. पुढची पिढी बदलली म्हणावं, तर २०२३ च्या ‘असर’ पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयाच्या मुलामुलींमध्ये स्वतःचा फोन असलेले मुलगे जवळजवळ ४४ टक्के, मुली २० टक्क्यांच्या आत. आणि आपण खुशाल बोलतो, ‘हल्ली घरोघरी फोन आहे.’ असेल घरात. गॅसच्या शेगडीसारखा सगळ्यांचा तो थोडाच असतो! घरात रेडिओ आला तेव्हा त्याचं बटण कुणाच्या हातात असायचं, ते आपल्या आयांना विचारा.

कायद्याने तरी आईला पालक कधी म्हटलं? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक ठरवला बापाला, ‘आणि त्याच्यानंतर’ आईला. ‘त्याच्यानंतर’ म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, तो नसताना किंवा लक्ष घालत नसतानाही आई पालक असू शकते, एवढं सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला गीता हरिहरन यांना रिझर्व्ह बँकेविरुद्ध लढावं लागलं. तो निकाल १९९९ चा. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावापुढे आधी आईचं नाव, मग वडलांचं, असा निर्णय झाला. आपण सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं, करायलाच हवं होतं. पण दाखल्यावर आईचं नाव आणि निरोपाला वडलांचा नंबर, ही कसली बरोबरी?

काम निघालं, की मात्र हाच ‘पालक’ आई होतो. कार्डशीट आणा, फुलपाखराचा पोशाख शिवा, मूल कविता म्हणतानाचा व्हिडिओ पाठवा, गृहपाठाचा फोटो आठच्या आत टाका. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलुपं लागली आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ अशी घोषणा झाली. सुरू ठेवलं कुणी? शाळेतला फळा घराच्या भिंतीवर आला आणि खडू आईच्या हातात. त्या वेळी दुसरा मार्ग नव्हता हे मान्य. पण शाळा उघडल्या तरी तो खडू तिच्या हातातून काही परत घेतला गेला नाही. २०२४ च्या सरकारी वेळवापर पाहणीनुसार घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २८९ मिनिटं जातात, करणाऱ्या पुरुषाची ८८. बाईची ही पावणेपाच तासांची यादी आधीच भरलेली असताना शाळा तिथे आणखी एक ओळ लिहिते आणि त्याला सहभाग म्हणते. आम्ही त्याला वेठ म्हणतो.

आमच्या वस्तीतल्या बऱ्याच बाया घरकामाला जातात. त्या सोसायट्यांमधल्या इंग्रजी शाळांचं चित्र वरवर उलटं दिसतं. तिथे वर्गाच्या ग्रुपवर सगळ्या आयाच. वडील सुरुवातीला असतात, मग ‘फार मेसेज येतात, मला काढा’ म्हणून सटकतात. नोकरी करणारी बाई ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बसून उद्याच्या ‘प्रोजेक्ट’ला थर्माकोल कुठे मिळेल ते विचारत असते. एकीने उत्तर द्यायला उशीर केला तर दुसऱ्या आयाच तिला टोचतात. तिथली बाई प्रोजेक्टला बसली, की आमच्या बाईला म्हणते, ‘आज जरा भाजी पण चिरून जा.’ आमची बाई तासभर उशिरा घरी येते. तिच्या स्वतःच्या लेकीच्या वर्गाचा ग्रुप तिकडे नवऱ्याच्या खिशात. एका ग्रुपचा काच असा दोन बायांना लागतो.

२०२२ साली आपल्या राज्यात ‘पहिले पाऊल’ नावाने शाळापूर्व तयारीचं अभियान सुरू झालं. पहिलीत जाणाऱ्या मुलांच्या आयांचे गट करायचे, त्यातल्या एकीने पुढाकार घ्यायचा आणि मोबाईलवर येणाऱ्या कल्पना वापरून सगळ्यांनी घरीच मुलांची तयारी करून घ्यायची. मी त्या मेळाव्यांना गेले आहे. त्यातली एक गोष्ट मला मनापासून आवडली. बाया अंगणात गोलाकार बसतात, डाळ-तांदूळ वेगळे करता करता पोरांना मोजायला शिकवतात, हसतात, आणि हळूहळू पोरांचं सोडून स्वतःचंही बोलू लागतात. बायांनी एकत्र बसणं ही आपल्या चळवळीची तर पहिली पायरी. पण पुढाकार घेणाऱ्या आईला बिरुद मिळालं ‘लीडर माता’, आणि मानधन? शून्य. ‘लीडर पिता’ मात्र अजून कुणाला सुचलेला नाही. मुलाला सांडशी आणि पळी मोजायला शिकवण्यात बापाच्या पुरुषार्थाला काय धक्का लागणार होता?

मोबाईलवरून करवून घेतलेलं बाईचं काम मोजलंच जात नाही, याचा पहिला अनुभव आपल्या अंगणवाडीताईंनी घेतलाय. २०२१ मध्ये पोषणाची नोंद ठेवणारं ॲप आलं. ते धड मराठीत नव्हतं, दिलेले फोन बंद पडत होते, दुरुस्तीचा खर्च अंगावर येत होता. तेव्हा राज्यभरातल्या ताईंनी ते फोन शासनाला परत केले. आठवतंय ना? यंत्राला विरोध म्हणून काहींनी त्यांची टिंगल केली होती. त्यांचा सवाल यंत्राला नव्हता. काम वाढवता, मग साधन धड द्या, भाषा आमची द्या आणि दाम द्या, असं त्यांचं म्हणणं होतं. आयांना संघटना नाही, म्हणून त्यांना फोन परत करायलाही जागा नाही.

वर्गशिक्षिकेलाही मी खलनायिका करणार नाही. तीही बाईच. तिचा खासगी नंबर साठ घरांत गेलेला असतो. रात्री अकरा वाजता कुणाचा तरी बाप ‘जेवलात का मॅडम’ विचारतो. हे कुठे सांगायचं, तर मुख्याध्यापक म्हणतात, ‘दुर्लक्ष करा.’

नंबरांचं दुखणं आयांच्याही वाट्याला येतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला प्रत्येकाचा नंबर दिसतो, हे साधं तांत्रिक सत्य. पण ज्या बाईने जेमतेम परवानगी मिळवून फोन घेतलाय तिला अनोळखी पुरुषाचे चार फोन आले, की काय होतं? फोन करणाऱ्याला कुणी जाब विचारत नाही. हिचा फोन काढून घेतला जातो.

आणि याहून वाईटही होतं. गेल्या वर्षी आमच्या केंद्रात एक बाई आली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून दोन मुलांना घेऊन ती शहराच्या दुसऱ्या टोकाला बहिणीकडे राहायला आली होती. नंबर बदलला, मुलाला नव्या शाळेत घातलं. जुन्या शाळेकडून आलेल्या कागदांवरून कारकुनाने वडलांचाही नंबर उतरवून घेतला. शाळेत कार्यक्रम झाला, ग्रुपवर फोटो पडले, मागे शाळेच्या नावाची कापडी पाटी. तिसऱ्या दिवशी तो फाटकाशी उभा. आम्ही शाळेत गेलो तर मुख्याध्यापिका अगदी सौम्यपणे म्हणाल्या, ‘ते वडील आहेत, आम्ही त्यांना कसं वगळणार? आमचा सगळ्या पालकांना सहभागी करून घेण्यावर भर आहे.’ त्या बाईंच्या मनात पाप नव्हतं, हेच जास्त भयंकर वाटतं मला. वडलांचा हक्क काय, आईचा काय, याचा निवाडा करायला न्यायालय आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात मुलांच्या तात्पुरत्या ताब्याचा आदेश मिळतो, संरक्षणाचा आदेश मिळतो. पण इथे निवाडा एका यादीने केला, कुणाला न विचारता, आणि त्या बाईला पुन्हा बोचकं बांधावं लागलं. मुलाची त्या वर्षात ती तिसरी शाळा.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसले, तिच्याकडे येते. ग्रुपवर भांडणं होतात, सुविचार आणि फुलं येतात, राजकीय चिखलफेक होते, म्हणून बहुतेक शाळांनी आता ‘फक्त ॲडमिन लिहू शकेल’ असं बटण दाबून ठेवलंय. म्हणजे शाळा बोलणार, पालक वाचणार. आणि वाचल्याची खूण म्हणून काय करायचं? अंगठा दाखवायचा!

बायांनो, हा अंगठा ओळखीचा वाटतो का? १९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन आलं, नव्वदच्या दशकात गावोगाव साक्षरतेचे वर्ग चालले. माझी आजी अशाच एका वर्गात सही करायला शिकली. अंगठ्याला शाई लावायची शरम गेली, याचं तिला मरेपर्यंत अप्रूप होतं. अंगठा म्हणजे काय होतं? कागदावर काय लिहिलंय ते ठाऊक नसताना दिलेली संमती. सावकाराच्या वहीवर, जमिनीच्या वाटणीवर, नसबंदीच्या कागदावर. आणि आज सही करणारी, दहावी शिकलेली तिची नात शाळेच्या निरोपाखाली पिवळा अंगठा टाकते. ‘शाळा विकास आराखडा मंजूर करण्यात आला आहे. सर्वांनी पाहावे.’ खाली अंगठ्यांची रांग. आराखडा पाहिला कुणी? आलेल्या अनुदानाचं काय झालं, मुलींच्या संडासात पाणी का नाही, खिचडीत आळ्या निघाल्या त्या दिवशी जबाबदार कोण होतं, हे विचारायला त्या ग्रुपवर जागाच नाही. बटण बंद आहे.

शिक्षणहक्क कायदा मात्र वेगळंच सांगतो. २००९ च्या या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य आई-वडील किंवा पालक हवेत आणि समितीत निम्म्या बायका हव्यात. शाळेच्या कामकाजावर देखरेख, विकास आराखडा, अनुदानाच्या खर्चावर लक्ष, ही या समितीची कामं. विनाअनुदानित खासगी शाळा यातून सुटल्या आहेत, पण आपल्या बायांची मुलं बहुतांशी जिथे जातात त्या पालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळा यात येतात. कलम २४ मध्ये शिक्षकांच्या कर्तव्यांत पालकांच्या नियमित सभा घेणं आणि मुलाची हजेरी, प्रगती त्यांना सांगणं, असं स्पष्ट लिहिलंय. सभा! समोरासमोर बसून. तिथे बाई उभी राहून विचारू शकते, दुसरी तिला दुजोरा देते, तिसरी म्हणते ‘माझ्या पोरीचंही तसंच झालं’, आणि मुख्याध्यापकांना सगळ्यांदेखत उत्तर द्यावं लागतं. ग्रुपवर प्रत्येक बाई आपापल्या घरात एकटी असते. एकट्या बाईला गप्प बसवणं नेहमीच सोपं असतं. म्हणूनच ‘सभेची गरज उरली नाही’ हे वाक्य मला भाबडं वाटत नाही.

आमच्यातलीच एक जुनी कार्यकर्ती यावर मला म्हणाली, ‘अगं, पण शाळेच्या निमित्ताने बायांना फोन मिळाला, ते तू मोजतच नाहीस.’ मोजते ना! माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींनी ‘पोरांच्या अभ्यासाला लागतो’ म्हणून पहिला फोन घरात आणला. स्वतःसाठी हवा म्हटलं असतं तर मिळाला नसता. कचरा वेचणारी एक बाई लेकीकडून आवाजाचा निरोप धाडायला शिकली, आणि मग त्याच फोनवर तिने शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनचं, माहेरच्या जमिनीचं, सगळं शोधलं. बीडकडच्या ऊसतोड बायांचाही विचार करा. दिवाळीनंतर मूल आजीपाशी ठेवून ती पाच-सहा महिने फडात जाते. मास्तरांच्या तोंडून ‘पोरगी रोज येतेय’ एवढं ऐकायला मिळालं, तर तिला केवढा धीर! अशा आईसाठी फोन चैनीचा नाही, तिचा तो हक्कच आहे. म्हणून तर म्हणते, फोन हवा, पण तो तिच्या नावाचा हवा, तिच्या भाषेत बोलणारा हवा, आणि सभेच्या जोडीला हवा.

जूनमध्ये शाळा उघडतील. आमच्या वस्तीतल्या गटाने ठरवलंय, की पहिल्याच आठवड्यात शाळेत जायचं आणि मुलाच्या नोंदीत आईचा नंबर पहिला घालून घ्यायचा. जिच्याकडे फोन नाही तिने शेजारणीचा नंबर द्यायचा, पण तो बाईने निवडलेला. निरोप लिहून पाठवतील तो आवाजातही पाठवा, आणि शाळेच्या फाटकावरच्या फळ्यावर लिहा, असं सांगायचं. निरोपच द्यायचे असतील तर ग्रुपऐवजी ‘ब्रॉडकास्ट लिस्ट’ करता येते. त्यात एकीचा नंबर दुसरीला दिसत नाही. शिक्षिकेचा नंबर मात्र प्रत्येकीने आपल्या फोनमध्ये साठवलेला लागतो, नाहीतर निरोप पोचत नाही. शिक्षिकेला त्यासाठी शाळेचा वेगळा फोन मिळावा, असंही आम्ही तिच्या बाजूने मागणार आहोत. फी किंवा पुस्तकांचे पैसे थकलेल्यांची नावं सगळ्यांसमोर टाकायची नाहीत. नवऱ्यापासून वेगळं राहणाऱ्या बाईचा पत्ता, नंबर आणि तिच्या मुलाचा फोटो तिला विचारल्याशिवाय कुठेही जायचा नाही. पोशाख, प्रोजेक्टचा निरोप वडलांनाही वेगळा जायला हवा, ‘आपण काय करणार?’ या प्रश्नासकट. आणि पालकसभा संध्याकाळी सातनंतर किंवा रविवारी. सकाळी अकराला ठेवलेल्या सभेला धुणंभांड्याची बाई कशी येणार, आणि आली नाही की ‘पालक उदासीन’ असा शेरा कोण मारणार?

पहिल्या फेरीत मुख्याध्यापक ‘वरून आदेश नाही’ म्हणतील. आदेशाची वाट पाहायची नाही. समितीवर असलेल्या बायांनी मागच्या सभेचं इतिवृत्त मागायचं, मोठ्याने वाचून घ्यायचं, ‘उपस्थित’ म्हणून आपलं नाव आलंय का ते पाहायचं, आणि न झालेल्या सभेखाली सही करायची नाही. आमच्याकडे दोघींनी मागच्या जानेवारीत तेच केलं. वही परत गेली, आणि पंधरा दिवसांनी खरीखुरी सभा लागली, रविवारी, सकाळी नऊला. बाया जेवण उरकून, पोरं कडेवर घेऊन आल्या. संडासातल्या पाण्याचा विषय पहिला निघाला.